चित्रपट-समीक्षकांची संघटना आणि मराठी चित्रपटाचे स्थान

साहित्यकृतीचे श्रेष्ठत्व केवळ तिच्या अंगच्या गुणांनी सिद्ध होत नाही. ती पुन्हापुन्हा वाचली जाणे, तिच्यावर लिहिले जाणे, अभ्यासक्रमातून ती पुढच्या पिढीच्या हाती पडणे, या सर्वांतून तिचे स्थान निश्चित होत असते. मराठीच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया परिचित आहे. चित्रपटाच्या बाबतीत हे कार्य कोण करते, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. चित्रपट-समीक्षकांच्या संघटनेने केलेल्या एका निवडीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

चित्रपट-समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिप्रेसी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याची स्थापना १९३० मध्ये ब्रुसेल्स येथे झाली. निरनिराळ्या देशांतील समीक्षकांच्या संघटना त्याच्याशी संलग्न असून महत्त्वाच्या महोत्सवांत महासंघाची स्वतंत्र परीक्षक-समिती असते. कान येथे १९४६ मध्ये महासंघाचा पहिला पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार शासनाचा नसतो, निर्मात्यांचा नसतो, तिकीटविक्रीवरही अवलंबून नसतो. चित्रपट पाहणे आणि त्याविषयी लिहिणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांचा तो निर्णय असतो. संघटनेच्या सांस्कृतिक अधिकाराचे मूळ या स्वायत्ततेत आहे.

या महासंघाच्या भारतीय शाखेने ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वकालीन श्रेष्ठ भारतीय चित्रपटांची सूची जाहीर केली. ३० सदस्यांच्या गुप्त मतदानातून निवडलेल्या दहा चित्रपटांत ‘पथेर पांचाली’ला पहिले स्थान मिळाले. ‘मेघे ढाका तारा’, ‘भुवन शोम’, ‘एलिप्पथायम’, ‘घटश्राद्ध’, ‘गर्म हवा’, ‘चारुलता’, ‘अंकुर’, ‘प्यासा’ आणि ‘शोले’ हे उरलेले नऊ. भाषावार पाहता हिंदी पाच, बंगाली तीन, मल्याळम एक आणि कन्नड एक, अशी ही विभागणी आहे. मराठी चित्रपट एकही नाही.

याच महासंघाने त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०२० मध्ये, व्हेनिस महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला आपला पुरस्कार दिला होता. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत ‘मॉन्सून वेडिंग’नंतर, म्हणजे २००१ नंतर, प्रथमच भारतीय चित्रपट निवडला गेला होता आणि तो मराठी होता. ज्या महासंघाने मराठी चित्रपटाचा असा गौरव केला, त्याच्याच भारतीय शाखेच्या सूचीत मराठी चित्रपट का नसावा?

हा अन्याय आहे, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. तमिळ, तेलुगू, असमिया या भाषांनाही या सूचीत स्थान नाही. शिवाय दहाच जागा असल्यावर भाषांचे प्रतिनिधित्व हा निकष असूही शकत नाही. लक्षात घ्यावयाचे ते असे की, समीक्षकांची संघटना दोन भिन्न स्वरूपाची कार्ये करते. एक, नव्या कृतीची दखल घेणे. दोन, जुन्या कृतींची स्मृती जतन करणे. पहिल्या कार्यास महोत्सवातील एक खेळ पुरतो. दुसऱ्यासाठी मात्र त्या कृतीभोवती अनेक दशके चाललेली चर्चा लागते. मतदान करणारा समीक्षक आठवणीतून निवड करतो आणि ही आठवण पूर्वीच्या समीक्षेने घडविलेली असते. सत्यजित राय यांच्या चित्रपटांभोवती असे लेखन विपुल आहे. मराठी चित्रपटाच्या बाबतीत नेमके येथेच उणेपण जाणवते.

‘संत तुकाराम’चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रभात’चा हा १९३६चा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिस येथे गौरविला गेला. तुकारामाची रचना सालोमालो आपली म्हणून गातो, तेव्हा शब्द तेच असूनही गायनाची रीत पालटते. विष्णुपंत पागनीस यांच्या गाण्यातील साधेपणाच्या शेजारी सालोमालोचा नाटकी नखरा उभा राहतो. खऱ्या आणि खोट्या भक्तीतील भेद दिग्दर्शक येथे संवादांतून सांगत नाहीत, तो गाण्याच्या ढंगातून ऐकवतात. दुसरीकडे गौरी यांनी रंगविलेली जिजाई घरातल्या रिकाम्या भांड्यांची भाषा बोलत राहते आणि चमत्कारकथेला संसाराची जमीन मिळते. अशा अंगाने या चित्रपटाचा विचार झालाच नाही असे नाही. गीता कपूर यांनी १९८७ मध्ये पुराणकथात्मक आशयाच्या संदर्भात त्याचे मूलगामी विवेचन केले. परंतु ते इंग्रजीत. मराठीत आपण या चित्रपटाविषयी अभिमानाने बोलतो, त्याचे विश्लेषण मात्र क्वचित करतो.

मराठीत चित्रपट-समीक्षेची क्षमता नाही, असा याचा अर्थ नव्हे. अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) हे पुस्तक राष्ट्रीय पुरस्काराने सन्मानित झाले. त्यांच्याच ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे चित्रपटविषयक लेखन हे साहित्य आहे, यावर शिक्कामोर्तब झाले. पहिल्या पुस्तकात ज्या तीन चित्रपटांची चिकित्सा आहे, त्यांतील ‘प्यासा’ २०२२च्या सूचीत आहे. मराठी समीक्षेने हिंदी चित्रपटाचे इतके सूक्ष्म वाचन करावे आणि मराठी चित्रपट मात्र अशा वाचनावाचून राहावा, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. त्या पुस्तकाचा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवादही २०१२ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी आला. राष्ट्रीय पातळीवरील चर्चेत मराठीतील विचार इतक्या उशिरा पोहोचतो.

१९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि सुधीर नांदगावकरांसारख्या कार्यकर्त्या समीक्षकांनी जाणता प्रेक्षक घडविण्याचे मोठे कार्य केले. मंडळाच्या ‘रूपवाणी’ने गंभीर लेखनाला जागा दिली. हा वारसा चित्रपट-मंडळांपुरता राहिला. विद्यापीठीय मराठी विभागांनी तो पुरेसा स्वीकारला नाही. वृत्तपत्रीय परीक्षण प्रदर्शनाच्या आठवड्यापुरते जगते. समीक्षा जगते ती ग्रंथालयात आणि वर्गात.

मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांना तर हा विषय दूरचा नाही. मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभी राहिली, गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये स्थापन झाली. अंधेरी-बोरिवलीच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या वाटेवर चित्रीकरण चाललेले असते. परंतु एखाद्या दृश्यचौकटीविषयी, संकलनाविषयी वा ध्वनियोजनेविषयी मराठीत नेमकेपणाने लिहावयास त्याला आपण शिकवीत नाही. चित्रपटावरील प्रबंधिका बहुधा ‘कादंबरी आणि तिचे माध्यमांतर’ या विषयाशी थांबते. म्हणजे तेथेही चित्रपटाचे मोजमाप साहित्याच्या मापानेच होते. एकेका विद्यार्थ्याने एकेका मराठी चित्रपटाचे दृश्यागणिक वाचन सिद्ध केले आणि त्यातील निवडक लेखनाचा अन्य भारतीय भाषांत अनुवाद झाला, तरी मोठी उणीव भरून निघेल.

समीक्षकांची संघटना परंपरा निर्माण करीत नाही. आधी झालेल्या लेखनावर ती मोहोर उमटवते. म्हणून सूचीत मराठी चित्रपट का नाही, या प्रश्नाचे उत्तर संघटनेच्या मतपेटीत शोधण्यापूर्वी ते मराठी विभागांच्या अभ्यासपत्रिकांत शोधावे लागेल.