पेला आधी नाकाशी

१. आधी वास, मग घोट. गोंदियातल्या देवरी-सालेकसा भागात ज्यांच्या बांधावर मोह आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही. मार्च-एप्रिलात भल्या पहाटे फुलं गळू लागतात. ऊन चढायच्या आत टोपल्या भरतात. ताजं फूल फिकट पिवळं, रसाने फुगलेलं. वाळलं की तपकिरी होतं आणि त्याला मनुक्यासारखा वास येतो. चांगल्या मोहाच्या दारूत हाच वास उतरतो. पेल्यात मी तोच शोधतो: फूल उरलंय, की नुसती आग?

२. मूळ माल ओळखल्याशिवाय तुलना करू नये. बार्लीत स्टार्च असतो, म्हणून तिला मोड आणून माल्ट करावं लागतं, तेव्हा कुठे बिअर. द्राक्ष आणि मोहफूल जात्याच गोड. फुलं पाण्यात घातली की काही दिवसांत सडवा तयार; तो भट्टीवर चढवून वाफ थंड केली की दारू. वाईन फक्त आंबवतात, भट्टीवर चढवत नाहीत. त्यामुळे मोहाशेजारी नाशिकची वाईन ठेवून काही कळत नाही. ठेवायची तर गोव्याची काजूफेणी. बोंडांच्या रसाची पहिली, सौम्य उतरण म्हणजे उर्राक. पुन्हा भट्टीतून काढली की फेणी. फेणीचा वास अंगावर येतो, मोहाचा हळूहळू उलगडतो. मला मोह उजवा वाटतो.

३. क्रम पाळा: बिअर, वाईन, शेवटी कडक. आणि खर्रा खाल्लेल्या तोंडाने कशाचीच चव घेऊ नका.

४. सावजी मटणाबरोबर तुरट लाल वाईन घेतली की तिखट आणखी भडकतं. थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या. नाशिककडे ती उत्तम होते.

५. अनोळखी हातभट्टीला हात लावू नका. मिथेनॉल वासाने कळत नाही, चवीनेही नाही. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पण यात मोहाचा काय दोष? गोंड घरांत लग्नात, मरणात देवाला आणि पूर्वजांना आधी त्याचीच धार देतात. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्यात मोहाची बाटली परवान्याने विकली जाते. शेजारच्या मध्य प्रदेशाने आदिवासी बचत गटांना वारसा-मद्य म्हणून ती काढू दिली. गोंदियातल्या वेचणाऱ्या बायांच्या हाती मात्र वाळल्या फुलांचा किलोवारी भावच येतो. मला हे सलतं. परवाना द्या, तपासणी करा, बाटलीवर गावाचं नाव छापा.

६. मोह बर्फात बुडवू नये, वास मिटतो. थोडं पाणी पुरे. मे महिन्यात इथे खोलीतही पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा बाटली तासभर माठाच्या पाण्यात उभी करावी.