लेण्याचे दार काळे का दिसते?

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी पायथ्यावरून पाहा. दिवसाउजेडी कातळ करडा दिसतो. पण त्याच कातळात कोरलेल्या लेण्यांची दारे मात्र काळीभोर! असे का?

आत शिरलेला प्रकाश या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळतो. भिंत दर वेळी ६० टक्के प्रकाश शोषते असे समजा. तीन परावर्तनांनंतर उरेल ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे जेमतेम ६ टक्के. काजळीतील सूक्ष्म छिद्रे ही अशीच असंख्य लेणी होत.

मग सौरबंबाच्या पत्र्याला काजळी फासली की झाले? नाही. किरखॉफच्या नियमानुसार चांगला शोषक हा चांगला उत्सर्जकही असतो. मिळवलेली उष्णता तो उधळतो. परंतु हा नियम प्रत्येक तरंगलांबीला स्वतंत्रपणे लागू पडतो. सूर्याची बहुतेक ऊर्जा २.५ मायक्रोमीटरपेक्षा आखूड लहरींतून येते. १०० अंश सेल्सियसला तापलेल्या पत्र्याचे प्रारण ८ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणून चकचकीत धातूवर अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ काळा थर देतात. आखूड लहरी त्यात अडकतात. लांब लहरींच्या लेखी मात्र पत्रा चकचकीतच राहतो व उष्णता फारशी सोडत नाही.

करून पाहा : दोन सारखे चकचकीत डबे घ्या, एकावर काजळी धरा. दोन्हींत सारखे पाणी भरून उन्हात ठेवा व तापमान नोंदवा. नंतर दोन्हींत सारखेच गरम पाणी घेऊन सावलीत ठेवा. आधी कोणते निवते?