जागतिक बाजारपेठ आणि आपला कापूस उत्पादक

यवतमाळ किंवा अकोला जिल्ह्यातील शेतकरी कापसाची गाडी घेऊन बाजार समितीच्या आवारात येतो, तेव्हा त्याच्या मालाला मिळणारा भाव केवळ त्या आवारात ठरत नाही. न्यूयॉर्कमधील वायदेबाजार, ब्राझीलमधील पीक, चीनमधील सूतगिरण्यांची मागणी आणि डॉलरचा विनिमय दर या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. जागतिकीकरण या शब्दाचा ग्रामीण जीवनातील अर्थ समजून घ्यावयाचा, तर कापसासारखे दुसरे उदाहरण नाही.

इतिहासाचा धडा

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव अनेक पटींनी वाढले. मुंबईत संपत्तीचा पूर आला, तर शेतकऱ्यांची पत वाढून सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मात्र कायम राहिले. त्यात सारावाढीची भर पडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या आणि नगर जिल्ह्यातही पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यामागील अनेक कारणांपैकी ही मंदी हे एक कारण होते. या प्रकरणानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. तेजी परदेशातून येते आणि तिकडेच परत जाते; तिच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र गावातच राहते, हा त्या काळाचा धडा होय.

संरक्षणाकडून खुल्या व्यापाराकडे

स्वातंत्र्योत्तर काळात शेतकऱ्याला अशा चढउतारांपासून संरक्षण देण्याचे धोरण आखण्यात आले. १९६५ साली कृषी मूल्य आयोग व १९७० साली भारतीय कापूस महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अंमलात आणली. हमी भाव आणि बाजारभाव यांतील तफावत वाढत गेली, तसा या योजनेवरील तोट्याचा भारही वाढत गेला. २००२-०३ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली व एकाधिकार संपुष्टात आला.

दरम्यान, जुलै १९९१ मध्ये देशाने नवे आर्थिक धोरण स्वीकारले आणि १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेचा भारत संस्थापक सदस्य झाला. आयात-निर्यातीवरील बंधने क्रमाने सैल झाली आणि देशातील भाव जागतिक भावाशी जोडला गेला.

भाव कसा पोहोचतो?

एक क्विंटल कापसापासून साधारणतः ३४ किलो रुई व ६४ किलो सरकी मिळते. रुईचा भाव, सरकीचा भाव आणि जिनिंग-प्रेसिंगचा खर्च यांचा मेळ घालून व्यापारी कापसाचा भाव काढतो. जागतिक बाजारात रुई किलोमागे १० रुपयांनी उतरली, तर क्विंटलमागे ३४० रुपये कमी होतात. २० क्विंटल कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे यात ६,८०० रुपयांचे नुकसान होते. बियाणे, खते व मजुरी यांवरील त्याचा खर्च मात्र आधीच होऊन गेलेला असतो.

अनुदानांचा असमतोल

स्पर्धा समान पातळीवर असती, तर तक्रारीस फारसे कारण उरले नसते. परंतु श्रीमंत देशांनी आपल्या उत्पादकांना दिलेल्या मोठ्या अनुदानांमुळे तेथे खर्चाच्या मानाने न परवडणारा कापूसही पिकत राहिला आणि जागतिक भाव दबले. अमेरिकेच्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २००५ साली अपील मंडळाचा निर्णय ब्राझीलच्या बाजूने लागला, आणि २०१४ साली ३० कोटी डॉलर देण्याच्या तडजोडीने वाद मिटला. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार देशांनी २००३ साली हाच प्रश्न मांडला. २००५ च्या हाँगकाँग परिषदेत विकसित देशांनी कापसावरील निर्यात अनुदाने २००६ मध्ये बंद करण्याचे मान्य केले. उत्पादकांना देशांतर्गत मिळणाऱ्या साहाय्याचा प्रश्न मात्र सुटला नाही.

लाभ आणि हानी

जागतिकीकरणाने केवळ हानी केली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १ जानेवारी २००५ पासून कापडावरील आयात-कोटा पद्धत संपली आणि विकसनशील देशांच्या वस्त्रोद्योगाला नवी बाजारपेठ मिळाली. २०११ च्या प्रारंभी जागतिक भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेले, तेव्हा आपल्या उत्पादकालाही चांगला भाव मिळाला. याउलट, २००१-०२ च्या सुमारास हेच भाव सुमारे तीन दशकांतील नीचांकाला आले होते. नापिकी, कर्ज आणि उतरते भाव यांच्या कचाट्यात विदर्भातील अनेक कुटुंबांनी आपला कर्ता माणूस गमावला. २००६ साली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र शासनाला ३,७५० कोटी रुपयांचा विशेष कार्यक्रम जाहीर करावा लागला.

शासनापुढील पेचही लक्षात घेणे अगत्याचे आहे. सूतगिरणीला रुई स्वस्त हवी असते, तर शेतकऱ्याला महाग. मार्च २०१२ मध्ये निर्यातबंदी घालून ती काही दिवसांतच शिथिल करावी लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर लावलेले सुमारे ११ टक्के आयात शुल्क २०२२ मध्ये काही महिने आणि पुन्हा ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात माफ करण्यात आले. विकसनशील देशाला गिरणीतील कामगार आणि शेतातील उत्पादक या दोघांचाही विचार एकाच वेळी करावा लागतो, याचेच हे द्योतक होय.

गावपातळीवरील कर्तव्य

जागतिक भाव ग्रामपंचायतीच्या हाती नाहीत. तथापि त्याची झळ कमी करणे काही अंशी शक्य आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ७,७१० रुपये, तर लांब धाग्याच्या कापसाची ८,११० रुपये ठरविण्यात आली. हा भाव पदरात पडण्यासाठी कापसातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या मर्यादेत असावा लागतो व सातबारावर पेऱ्याची नोंद लागते. नोंद राहून गेल्यास किंवा माल ओला असल्यास शेतकऱ्याला पडेल त्या भावाने विक्री करावी लागते. म्हणून तलाठी व ग्रामसेवकांनी नोंदी वेळेवर होतील हे पाहावे, पंचायत सदस्यांनी खरेदी केंद्राची माहिती ग्रामसभेत द्यावी, आणि शिक्षकांनी रुई-सरकीचा हिशेब गणिताच्या तासाला फळ्यावर मांडावा. वेचणीनंतर कापूस वाळवून, प्रतवारी करून ठेवणे आणि सारे शेत एकाच पिकाखाली न आणता तूर, ज्वारी यांची जोड देणे, हेही संरक्षणाचेच उपाय आहेत.

१८६५ साली भाव का कोसळले, हे गावातील शेतकऱ्याला सांगणारे कोणी नव्हते. आज ती माहिती उपलब्ध आहे. ती शेतकऱ्याच्या घरापर्यंत वेळेवर पोहोचविणे, ही ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.