तेरवीच्या आधी लागणारा कागद

आमच्या अर्जुनी मोरगावकडे धान निघालं की वाटणीच्या गोष्टी उघड होतात, पण म्हाताऱ्यासमोर ‘मृत्युपत्र’ हा शब्द काढायचा नाही. काढलाच, तर पोरगा बापाच्या मरणावर टपलाय असं गाव म्हणतं. आमच्या घरातल्या मोठ्या बाबांसमोरही तो कुणी काढला नाही.

त्यांना लकवा मारला तेव्हा गोंदियाहून नागपूरला हलवलं. तिथल्या एका खासगी दवाखान्यात व्हेंटिलेटर लागला. मेंदू सुधारणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आणि मग विचारलं, पुढे काय करायचं? त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, घरी नेऊ. धाकटा खवळला, ‘बापाले मारता का?’ खरं तर ‘मले नळ्या लावून ठेवजा नोका’ हे मोठ्या बाबांचं बोलणं दोघांनीही ऐकलेलं होतं. पण ऐकलेल्या शब्दावर सही कोण करणार? बिल वाढत गेलं. दोघा भावांचं बोलणं तिथे तुटलं ते तेरवीतही जुळलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की उपचारांबद्दलची इच्छा मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र बाहेर निघतं तेरवीनंतर. ही इच्छा त्याआधी, माणूस जिवंत पण बोलू न शकणारा असताना लागते. त्यासाठी वेगळा कागद, लिव्हिंग विल. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 सालच्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठीच्या याचिकेमुळे 2011 मध्ये अशा रुग्णाचे उपचार थांबवावेत का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. 2018 मध्ये न्यायालयाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागायचं. जानेवारी 2023 पासून ती अट सुटली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात घाला, एकापेक्षा जास्त घाला, आणि त्यांना आधी विचारा. कागद आहे म्हणून कुणी लगेच नळी काढत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं आजार सुधारण्यापलीकडे गेल्याची खात्री करतात. मन बदललं तर लेखी रद्दही करता येतो.

शेताचं आणि पैशाचं मृत्युपत्र त्यामानाने सोपं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. तुम्ही सही करताना दोन साक्षीदारांनी पाहिलेलं असावं आणि त्यांच्याही सह्या असाव्यात. साक्षीदार म्हणून पारावरचा आपल्याच वयाचा दोस्त घेऊ नका, उद्या कोर्टात उभं राहायला तो असला पाहिजे. ज्याला वाटा मिळणार तोही साक्षीला नको. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, तरी करावीच, विशेषतः अंगठा उठवणाऱ्याने. फेरफाराच्या वेळी हरकत आली की नोंदलेल्या कागदाचा आधार होतो.

‘बँकेत नॉमिनी लावलाय, झालं’ असं म्हणणारे आमच्याकडे फार. मोठ्या बाबांच्या ठेवीला धाकटा नॉमिनी होता, आणि ती ठेव आपलीच असं तो आजही मानतो. ज्यांचं ‘कालनिर्णय’ घरोघरी भिंतीवर असतं त्या जयंतराव साळगावकरांनी तर 2011 मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. तरी त्यांच्या पश्चात नॉमिनी मोठा की वारस, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 चा निकाल असा, की नॉमिनी मालक होत नाही. त्याच्या हाती आलेला पैसा मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जातो. तेव्हा दोन्हीकडे एकच नाव राहील असं बघा.

वडिलोपार्जित धानाच्या बांध्यांबद्दल मात्र हात बांधलेले आहेत. त्यातला फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देता येतो. 2005 पासून हिंदू कुटुंबात मुलगीही जन्माने वाटेकरी आहे, राखीला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याचे दिवस संपायला हवेत. सालेकसा-देवरीकडच्या गोंड कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागूच होत नाही. त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय कुणाचा मसुदा उतरवू नये.

मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो उघडायलाच आधी खटपट करावी लागते. आणि लिव्हिंग विलची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरकडे द्या, एक घरात हाती लागेल तिथे. नागपूरची गाडी रात्री दोनलाही निघू शकते.