पुणे ते सातारा : वाटेवरचा इतिहास पाहताना

पुणे-सातारा अंतर दोन-अडीच तासांचं. पण वाटेतला इतिहास नीट पाहायचा, तर सबंध दिवस हाताशी ठेवा.

१. तीनच ठिकाणं ठरवा. नसरापूरचं बनेश्वर, वाईजवळचं मेणवली आणि साताऱ्याच्या अलीकडची लिंबची बारा मोटांची विहीर. धावतपळत दहा ठिकाणं उरकण्यापेक्षा तीन मनापासून पाहा.

२. निघण्यापूर्वी थोडं वाचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेत हाती लागलेली, १७०७ साली घडवलेली घंटा मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर टांगलेली आहे. बनेश्वरलाही अशीच एक पोर्तुगीज घंटा आहे. हे ठाऊक असलं की शिवमंदिरातल्या घंटेवरच्या क्रुसाचं कोडं पडत नाही.

३. फाटे लक्षात ठेवा. नसरापूर फाटा, वाईसाठी सुरूर फाटा, मग लिंब फाटा. वेळीच सर्व्हिस रोडला लागा. फाटा हुकला तर लांबचा वळसा पडतो. फोटोसाठी महामार्गाच्या कडेला गाडी उभी करू नका.

४. शिलालेख स्वतः वाचा. लिंबची विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. तिथल्या लेखातले शके १६४१ ते १६४६ म्हणजे ७८ मिळवून इ.स. १७१९ ते १७२४. अक्षरं पुसट असतील तर बॅटरीचा झोत बाजूने तिरपा टाका. खोदलेल्या रेघांत सावली धरते आणि अक्षर उठून दिसतं. खडू किंवा पीठ चोळू नका.

५. विहिरीत सावकाश उतरा. पायऱ्यांवरून खाली गेलं की विहिरीतच बांधलेला छोटा महाल लागतो. पावसाळ्यात दगड निसरडे होतात. मुलांचा हात सोडू नका.

६. वीरगळ खालून वर वाचा. वाटेवरच्या गावांत जुन्या देवळांबाहेर वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले हे कोरीव दगड दिसतात. बहुधा सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

७. नोंद करा, दगड हलवू नका. फोटोसोबत गाव, तालुका आणि नेमकी जागा लिहून ठेवा. वीरगळ उघड्यावर पडलेला दिसला तर गावकऱ्यांशी बोला, त्याचं मोल सांगा. तो कुठे उभा आहे, यावरूनच अभ्यासकांना गावाचा इतिहास लावता येतो.