प्रमस्तिष्क नीला-अंतर्क्लथन : लक्षणे आणि परिणामसूचक चिन्हे

'बाळंतरोग' हा मराठी शब्द कोणा एका रोगाचा वाचक नाही. प्रसूतीनंतरच्या अनेक व्याधी तो एका छत्राखाली आणतो. आधुनिक वैद्यकाने त्यांपैकी एक वेगळी ओळखली आहे, ती म्हणजे मेंदूतील नीला व नीला-कोटरे यांमध्ये रक्ताची गुठळी होणे, अर्थात प्रमस्तिष्क नीला-अंतर्क्लथन.

मेंदूतील अशुद्ध रक्त त्याच्या बाह्य आवरणातील कोटरांत जमून मानेतील नीलांवाटे हृदयाकडे परतते. या मार्गात गुठळी झाली की रक्त मागे तुंबते, कवटीतील दाब वाढतो, मेंदूस सूज येते आणि कित्येकदा रक्तस्रावही होतो. रोहिणी बंद पडल्याने होणारा पक्षाघात बहुधा क्षणार्धात येतो. ही व्याधी मात्र पुष्कळदा दिवसादिवसाने वाढत जाते. म्हणूनच ती ओळखताना चूक होण्याचा संभव अधिक.

फ्रेंच वैद्य रीब यांनी १८२५ मध्ये हिचे वर्णन केले, त्यानंतर दीर्घकाळ तिचे निदान मुख्यतः शवविच्छेदनातच होत असे. साहजिकच ती प्राणघातक समजली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील ६२४ रुग्णांच्या अभ्यासाने हे चित्र पालटले. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के रुग्णांना डोकेदुखी होती व सुमारे ३९ टक्के रुग्णांना आकडी आली होती. मृत्यू किंवा परावलंबित्व १३.४ टक्के रुग्णांच्याच वाट्यास आले. बहुसंख्य रुग्ण पूर्ववत झाले.

परिणाम कोणाचा वाईट होईल, याची चिन्हेही याच अभ्यासाने निश्चित केली. बेशुद्धी, मानसिक स्थितीतील बिघाड, दाखल होतानाच आढळलेला मस्तिष्कांतर्गत रक्तस्राव, खोलवरच्या नीलांतील गुठळी, मज्जासंस्थेतील जंतुसंसर्ग, कर्करोग, ३७ वर्षांहून अधिक वय आणि पुरुषत्व, ही ती चिन्हे होत. यांतील रक्तस्रावाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तो अशुभसूचक असला, तरी हेपारीनसारख्या क्लथनरोधी औषधास सामान्यतः प्रतिबंध करीत नाही. कारण रक्तस्रावाचे मूळ तुंबलेल्या नीलेत असते. जेथे रक्त वाहते आहे, तेथेच रक्त गोठू न देणारे औषध द्यावयाचे, हा विरोध वरवरचा आहे.

यादीतील शेवटचे चिन्ह भारतीय संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. भारतातील पूर्वीच्या लेखनात या व्याधीचा विचार मुख्यतः प्रसूतीच्या अनुषंगाने झाला. मदुरै येथील श्रीनिवासन यांचा १९८३ मधील अभ्यास गर्भिणी व प्रसूत स्त्रियांचाच होता. परंतु हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधील ४२८ रुग्णांचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांत निम्म्याहून अधिक पुरुष आढळले. म्हणजे जी व्याधी केवळ बाळंतिणीची मानली जाण्याचा संभव होता, ती पुरुषांतही विपुल आहे. शिवाय ६२४ रुग्णांच्या अभ्यासानुसार त्यांच्यात तिचा परिणाम अधिक वाईट होतो.

नाव हे ज्ञानाचे साधन असते, तसेच ते दृष्टीची मर्यादाही ठरू शकते. 'बाळंतरोग' या नावाने बाळंतिणीच्या दुखण्यास समाजात ओळख दिली. पण त्याच नावामुळे तिची वाढती डोकेदुखी 'बाळंतपणात व्हायचेच' म्हणून सोडून दिली जाऊ शकते, आणि तसलीच डोकेदुखी घेऊन आलेल्या पुरुषाच्या बाबतीत ही शंकाच मनात येत नाही. दोन्ही ठिकाणी शुद्ध हरपण्यापूर्वीचा काळ वाया जातो. बरे होण्याची शक्यता सर्वाधिक असते, ती नेमकी त्याच काळात.