हॉटेल, शॅक, बर्फवाले यांच्या पेजवर आपण काय लिहायचं?



१ ऑगस्टला बंदी उठली की आपल्या लोकांचे मोबाइल जागे होतात. भरलेल्या क्रेटचा फोटो, "ताजी मासळी, संपर्क करा" आणि खाली नंबर. मग हीच ओळ शॅकच्या पेजवर, हॉटेलच्या थाळीच्या फोटोखाली, कुणाच्या लग्नाच्या केटरिंगच्या जाहिरातीखाली, जिथे जागा मिळेल तिथे चिकटवली जाते. दोन-तीन हॉटेलवाले कंटाळून ब्लॉक करतात आणि आपण म्हणतो, फेसबुकवर धंदा होत नाही.

घरगुती गिऱ्हाईक किलोभर बांगडे घेऊन जातं, त्याला आजचा माल बघायचा असतो. हॉटेलच्या शेफला उद्याचा आणि परवाचा माल हवा असतो. मेनूवर विसवण छापलीय आणि सकाळी आलीच नाही, तर पाहुण्यांसमोर मान त्याची खाली जाते. म्हणून तो पुरवणारा माणूस कसा बोलतो, वेळेवर "नाही" सांगतो का, हे आधी बघतो. आज हे बघणं बऱ्याच वेळा मोबाइलवरच होतं. तेव्हा एका धंद्याने दुसऱ्या धंद्याशी तिथे कसं वागायचं, ते या वेळी जरा सविस्तर लिहितो.

आधी खातं कुणाचं ते ठरवा

बऱ्याच जणांचं फेसबुक स्वतःच्या नावाचं असतं. त्यावर वाढदिवस, राजकारण, क्रिकेट सगळं. त्याच नावाने तुम्ही हॉटेलच्या पोस्टखाली लिहिलंत तर तो माणूस तुमच्या नावावर बोट ठेवतो आणि त्याला कालचं भांडण दिसतं. बोटीच्या नावाचं वेगळं पेज काढा. कमेंट करण्याआधी आपण पेजच्या नावाने लिहितोय की घरच्या, हे बघून घ्या. फेसबुकवर खातं बदलायची सोय असते, पेजवर जाऊन एकदा बदललं की पुढचं सगळं पेजच्या नावाने जातं. इन्स्टाग्रामवरही धंद्याचं खातं फुकट करता येतं.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं अॅप आहे, तेही फुकट. त्यात मालाचे फोटो लावायला कॅटलॉग आहे. आणि एक फार उपयोगी गोष्ट म्हणजे चॅटला लेबल लावता येतं: नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले. ज्यांची उधारी डोक्यात ठेवायची सवय आहे त्यांनी हे एवढं तरी करावं. एकच नंबर साध्या व्हॉट्सअॅपवर आणि बिझनेसवर दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही, म्हणून धंद्याला वेगळं सिम बरं.

आता खरा प्रश्न. मालक किंवा तांडेल बाहेर समुद्रात, तिथे रेंज नाही. हॉटेलवाल्याने दुपारी विचारलं, उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं, तर तो दुसऱ्याकडून घेऊन मोकळा. व्हॉट्सअॅपला एका फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात. घरी बायको, मुलगी, भाऊ, जो मासळीचं खरंच जाणतो, त्याच्याकडे एक जोडून द्या. आमच्या मते हे काम घरच्या बायकांकडे असलेलं उत्तम. लिलावाला कोण किती बोलतो, कोण पैसे कधी देतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. फक्त एक ठरवा: भाव कोण सांगणार? दोघांनी दोन भाव सांगितले तर संपलं.

दुसऱ्याच्या पेजवर बोलताना

समजा एका शॅकने ऑक्टोबरात फोटो टाकला, "सीझन सुरू". खाली "ताजी मासळी मिळेल, फोन करा" लिहिणारे आठ जण असतात. त्यांच्यात नववे होऊ नका. हे लिहून बघा:

"सीझनला शुभेच्छा. फोटोतली माणकी मस्त कापलीय. या आठवड्यात आमच्या बोटीला मध्यम आकाराची बरी मिळतेय, रिंग्जला तीच चालेल असं वाटतं."

नंबर नाही, भाव नाही. पण वाचणाऱ्याला कळलं की हा माणूस माल ओळखतो आणि आमची डिश बघून बोलतोय. त्याला गरज असेल तर तो नावावर दाबून तुमच्या पेजवर येईल, तिथे नंबर आहेच. पेजवर नंबर, जेटीचं नाव आणि कुठली मासळी असते एवढं मात्र लिहिलेलं असू द्या. कितीतरी पेजवर बोटीचा फोटो आहे आणि संपर्काची जागा कोरी.

नावांची एक गंमत आहे. आपण विसवण म्हणतो, मुंबईकडचा माणूस सुरमई म्हणतो, हॉटेलच्या मेनूवर किंगफिश लिहिलेलं असतं. आपली सुंगटां, तिकडची कोळंबी, मेनूवर प्रॉन्स. बेळगावपर्यंत आपली मासळी जाते, तिथला खानावळवाला मोबाइलवर शोधताना कुठलं नाव टाकेल सांगता येत नाही. म्हणून पोस्टमध्ये दोन-तीन नावं घाला. लिपीही दोन घातल्या तरी चालतील.

आता नाजूक गोष्ट. एखाद्या हॉटेलच्या फोटोवर चोणक लिहिलेलं असतं आणि आपल्या डोळ्याला दिसतं की हा बासाचा तुकडा आहे. हात शिवशिवतात. खाली लिहू नका. चारचौघात बोललात तर मालक आयुष्यभर लक्षात ठेवेल, आणि पाहुण्यासमोर फसवेगिरी उघडी करणं हे आपलं काम आहे असं आम्हांला वाटत नाही. खाजगीत एक निरोप टाका: "फोटोत चोणक लिहिलंय, तुकडा वेगळा वाटतो. खरं चोणक हवं असेल तर मिळालं की कळवतो." पटलं तर ठीक, नाही पटलं तरी तुमचं काही गेलं नाही. मात्र तुम्हीच पुरवलेल्या मालाला कुणी दुसरं नाव देऊन तुमचं पेज जोडलं, म्हणजे टॅग केलं, तर तो टॅग काढून टाका. टॅग आपण मंजूर केल्याशिवाय दिसू नये अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू ठेवा.

तुमची मासळी वापरून कुणी डिश केली आणि तुमचं नाव घेतलं तर ती पोस्ट आपल्या पेजवर पुढे द्या, आभार लिहा. पण त्यांचा फोटो उचलून आपला म्हणून टाकणं, त्यांचं बोधचिन्ह लावणं, जेवणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे दाखवणं, हे विचारल्याशिवाय नको. तसंच कौतुक लिहिण्यासाठी हॉटेलने जेवण फुकट दिलं असेल, किंवा तुम्ही त्यांना मासळी फुकट दिली असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

सगळे धंदे काही गिऱ्हाईक नसतात. बर्फाचा कारखाना, जाळीचं दुकान, इंजिनाचा मिस्त्री, टेम्पोवाला यांचीही पेजं आता आहेत. मिस्त्रीने रात्री जेटीवर येऊन गिअरबॉक्स उतरवला असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पेजवर दोन ओळी लिहा. काय बिघडलं होतं, किती वेळात झालं. दुसऱ्या बोटवाल्याला त्याचा उपयोग होतो. "छान सेवा" एवढंच लिहिलं तर कुणी वाचतही नाही.

काय भिंतीवर, काय खाजगीत

भाव भिंतीवर नको. सकाळचा लिलाव आणि दुपारचा लिलाव यात किती फरक पडतो हे तुम्हांला सांगायला नको. तीन दिवसांपूर्वीचा भाव दाखवून हॉटेलवाला हुज्जत घालतो. ऑर्डर मात्र नेहमी लिहून पक्की करा, बोलण्यावर सोडू नका: कुठली मासळी, किती किलो, काय भाव, बर्फासकट की बर्फ वजा करून, कधी पोचणार, पैसे कधी. समोरून "हो" आलं की ते जपून ठेवा. माल उतरवताना वजनकाट्याचा फोटो त्याच चॅटमध्ये टाका.

हे सगळं असेल तर पैसे थकल्यावर रागाने त्या हॉटेलच्या पेजवर लिहायची वेळ येत नाही. थकबाकीची पोस्ट टाकली की बाकीची हॉटेलं ती वाचतात आणि त्यांना वाटतं, उद्या आमचंही असंच करील. ते चॅट घेऊन सोसायटीत या, पत्र आपण काढू.

मासळी कुठे लागली हेही लिहू नका. उत्साहाच्या भरात नकाशाची खूण जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा भरते.

फोटो टाकताना मागे काय दिसतंय ते बघा. एलईडी दिव्याने मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग यांवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातलीय. दिवे लावलेल्या बोटीचा फोटो स्वतःच्या पेजवर टाकणारे आहेत, आणि अशा फोटोला हॉटेलने हात जोडून "मस्त" लिहिलं तर तेही अडकल्यासारखे दिसतात. बोटभर लांबीच्या पिल्लांचे ढीग, क्रेटमध्ये बूट घालून उभा खलाशी, हेही नको. धुतलेली मासळी, वर बर्फ, सकाळचा उजेड, एवढं पुरे. असा फोटो शेफ आपल्या पेजवर लावायला मागतो.

वाईट दिवसाची तयारी

२०१८ चा जुलै आठवा. मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला, गदारोळ झाला, सरकारने काही दिवस बाहेरची मासळी आणण्यावर बंदी घातली. ऑगस्टमध्ये आपल्या बोटी बाहेर पडल्या तरी गिऱ्हाईक बिचकत होतं. बाहेरची कुठली आणि इथली कुठली, हे ताटात कळत नाही. त्या दिवसांत फॉरवर्ड केलेले निरोप किती फिरले ते सगळ्यांनी पाहिलंय.

असा दिवस पुन्हा आला तर हॉटेलवाला आपल्या पाहुण्यांना काय दाखवणार? जो बोटवाला वर्षभर "आज इतक्या वाजता जेटीवर, एवढे क्रेट, बर्फ अमक्या कारखान्याचा" असं लिहीत आलाय, त्याची पोस्ट तो लगेच दाखवू शकतो. अफवा उठल्यावर सुरू केलेल्या पेजवर कोण विश्वास ठेवेल? म्हणून रोज नाही जमलं तरी बोट येईल त्या दिवशी दोन ओळी आणि एक फोटो टाकाच. अफवेच्या दिवशी दुसऱ्या बंदराच्या, दुसऱ्या राज्याच्या मासळीला नावं ठेवू नका. त्यांच्यातही आपल्यासारखीच घरं आहेत, आणि तपासणीचा निकाल सांगणं हे अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे.

हवामानाचंही तसंच. इन्कॉइस आणि हवामान खात्याचा इशारा पुढे द्यायचा तर मूळ आणि तारखेसकट द्या. २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्तेचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकलात तर जेटीवर गोंधळ, आणि शॅकवाल्यांची बुकिंग रद्द. ते तुम्हांला विसरणार नाहीत.

बंदीच्या ६१ दिवसांत पेज झोपवू नका. जाळी विणणं, बोट रंगवणं, सुकी मासळी, हे लोकांना बघायला आवडतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ओळखीच्या प्रत्येक हॉटेलला वेगळा निरोप पाठवा: "पहिली फेरी अमक्या दिवशी, काय लागेल?" व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीचा निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, तेव्हा आधी नंबर सेव्ह करायला सांगा. आणि ग्रुप काढून न विचारता पन्नास हॉटेलांना त्यात घालणं बंद करा. ती त्यांना सगळ्यांत जास्त खटकणारी गोष्ट आहे.

शेवटी फसवणुकीबद्दल, कारण धंद्याचं पेज उघडं असलं की तेही येतात. मोठ्या हॉटेलच्या किंवा लष्कराच्या मेसच्या नावाने फोन येतो, मोठी ऑर्डर, भाव न विचारता. मग "आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका." पैसे घेताना क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. नवीन हॉटेलची पहिली ऑर्डर आली तर त्यांच्या पेजवरचा नंबर शोधून त्यावर उलटा फोन करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

ज्यांना अॅप बसवता येत नाही त्यांनी कार्यालयाच्या वेळेत मोबाइल आणि धंद्याचं सिम घेऊन या. कॅटलॉगला लावायला स्वतःच्या बोटीच्या मासळीचे चार-पाच फोटो आणा, शेजारच्या बोटीचे नकोत. ओटीपी तुमचा तुम्हीच टाकायचा, आम्ही विचारणार नाही.